घाम मंडळाचा फुटका मोबाइल

मित्रांनो, इंदापुरातल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काउंटरखाली एक खण आहे. त्यात फुगलेल्या बॅटऱ्या आणि तुटक्या वायरी यांच्यामध्ये एक काळा मोबाइल पडलेला आहे. काच चेचलेली, पाठीचं झाकण रबराने बांधलेलं. तोच मी. माझी गोष्ट ऐकायला गोड नाही. तिच्यात मार आहे आणि रक्तही आहे. पण जे घडलं ते गुळगुळीत करून सांगितलं, तर ज्यांनी सोसलं त्यांच्यावर अन्याय होईल.

माझा जन्म एका मोठ्या, थंडगार कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या मुलींनी माझे अवयव जुळवले. शेवटी एकीने मला पुसलं आणि माझ्या काळ्या काचेत बघून कपाळावरचे केस मागे सारले. मी पाहिलेला तो पहिला चेहरा. मग खोक्यात बंद होऊन मी बारामतीच्या एका दुकानात आलो. तिथून मला लासुर्ण्याच्या सूरजने घेतलं.

सूरज पैलवान होता. त्याचे वडील सावळाराम यांना सगळं गाव अप्पा म्हणे. अप्पा, आई रतन, थोरला सूरज आणि धाकटा सिद्धू असं चौघांचं घर. कालव्याचं पाणी होतं आणि शेडनेटमध्ये ढोबळी मिरची डोलत होती. मला घेतलं तेव्हा सूरज अगदी हरखून गेला होता. सदऱ्याच्या टोकाने मला दहादा पुसायचा. स्वतःच्या कुस्त्या माझ्यात बघायचा आणि सिद्धूला शेजारी बसवून डाव समजावून सांगायचा. ते दिवस चांगले होते.

मग एका जत्रेतल्या कुस्तीत सूरजचा खांदा निखळला. सिद्धू कडेला उभा राहून माझ्यात ती कुस्ती टिपत होता, म्हणून मी सगळं पाहिलं. सूरज मातीत ओरडत पडला होता. त्याचा वस्ताद आला, त्याने सूरजला केसांना धरून उठवलं आणि भरल्या आखाड्यात त्याच्या थोबाडीत मारली. लोक हसले. सूरज रडला नाही. घरी आल्यावर मात्र त्याने मला भिंतीवर फेकून मारलं. माझा कोपरा फुटला तो त्या दिवशी.

खांदा पुन्हा धड झाला नाही आणि तालीम सुटली. सूरजने नवा मोबाइल घेतला आणि मला सिद्धूच्या अंगावर भिरकावलं.

"घे, ढोल्या. तुला काय, फुटकाबी चालतंय."

सिद्धू लहानपणापासून अंगाने जाड होता. कॉलेजात शेवटच्या बाकावर बसायचा आणि घरी मिरचीचे क्रेट उचलताना मध्येच टेकायचा. स्वभावाने मऊ. कुणी हसलं की तो स्वतःच आधी हसून घ्यायचा, म्हणजे पुढचं हसणं जरा कमी लागायचं. मी त्याच्या खिशात असायचो. हसताना त्याचं काळीज किती जोरात धडधडायचं ते मला कळायचं.

तालीम सुटलेल्या सूरजला आता एकच काम उरलं होतं, सिद्धूला बारीक करायचं. "तुला माणसात आणतो," असं तो म्हणायचा. आधी शिव्या झाल्या, मग हात आला. सिद्धूने दुसरी भाकरी मागितली की सूरज ताटाला लाथ मारायचा. कालवण भिंतीवर उडायचं. रतन भिंत पुसायची. अप्पा म्हणायचे, "थोरला हाय, त्याच्या भल्यासाठीच करतोय." आणि टोपी घालून बाजाराला निघून जायचे.

एका सकाळी सूरजने सिद्धूच्या कमरेला सोल, म्हणजे जाड दोर, बांधला आणि त्याचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या मागे अडकवलं.

"पळ. थांबलास तर फरपटशील."

बांधाच्या कच्च्या वाटेवर ट्रॅक्टर निघाला. सिद्धू पळाला. धाप लागली तरी पळाला. कालव्याच्या वळणावर त्याचा पाय मुरगळला आणि तो तोंडावर पडला. सूरजने मागे बघितलं, पण ट्रॅक्टर लगेच थांबवला नाही. दगडगोट्यांवरून सिद्धू फरफटत गेला. त्याच्या गुडघ्यांची आणि कोपरांची कातडी सोलून निघाली. खिशात मी होतो. माझ्या काचेवर खडे करकरत होते आणि वरून त्याचं कण्हणं ऐकू येत होतं. ट्रॅक्टर थांबला तेव्हा सूरज खाली उतरला, पण हात द्यायला नाही. नव्या मोबाइलवर त्याने सिद्धूचं चित्रण केलं आणि गावातल्या पोरांच्या ग्रुपवर टाकून दिलं.

थोड्याच वेळात तो व्हिडिओ माझ्याकडेही आला. सिद्धू शेडनेटच्या कोपऱ्यात बसून तो पुन्हा पुन्हा बघत होता. खाली हसणारी पिवळी तोंडं एकामागून एक येत होती. त्याने जखमांना हळद लावली नाही. कॉलेज बंद केलं. दोन दिवस तो जेवलाच नाही. आपण जेवायच्या लायकीचे नाही, असं त्याला वाटू लागलं होतं.

त्या दिवसांत तो माझ्यात काहीबाही शोधत बसायचा. वजन उतरवणाऱ्या पुड्या, पिळदार दंड दाखवून ओरडणारे लोक, सगळं बघून झालं. एक जण तर म्हणत होता, 'आरशात बघा आणि स्वतःची लाज वाटू द्या!' सिद्धूने त्याला बोटाने ढकलून दिलं. लाजेची त्याला काही कमी नव्हती.

आणि मग दीप्तीताई दिसली.

दीप्ती बारामतीत आहारतज्ज्ञ होती आणि जळोचीला राहायची. घराच्या गच्चीवरून ती रोज सकाळी ऑनलाइन वर्ग घ्यायची. त्या वर्गाचं नाव होतं घाम मंडळ. बारामती, इंदापूर, सुपे अशा गावांतली विशीतली, पंचविशीतली पोरं-पोरी आपापल्या घरून त्यात यायची. दीप्ती स्वतः चांगली भरल्या अंगाची होती. मागे वाळत घातलेले कपडे फडफडत होते आणि ती सांगत होती, "नवीन कुणी आलं असेल तर नाव सांगायची सक्ती नाही. चेहरा दाखवायची सक्ती नाही. आज फक्त उभे राहा आणि माझ्याबरोबर श्वास घ्या. तेवढं जमलं तरी आजचा दिवस झाला."

सिद्धूने मला मिरचीच्या क्रेटला टेकवून ठेवलं. माझा डोळा शेडनेटच्या हिरव्या कापडाकडे वळवला आणि तो उभा राहिला. तेवढंच केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहिला. मग हात वर केले, मग जागेवर चालला. एका सकाळी त्याने मला उचललं आणि हळूच स्वतःकडे वळवलं. पडद्यावरच्या चौकटींतून कुणीही हसलं नाही. इंदापूरचा ज्ञानेश म्हणून एक जण होता. मोबाइल दुरुस्त करायचा आणि जाडीत सिद्धूच्याही पुढे होता. तो म्हणाला, "आला बघा आपला माणूस! मला वाटलं मी एकटाच एवढा रुंद."

सगळे हसले. सिद्धूही हसला. मी खिशात नव्हतो, तरी मला कळलं की हे हसणं वेगळं आहे.

"पूर्ण नाव काय तुझं?" दीप्तीने विचारलं.

"सिद्धेश्वर."

"मग आम्ही तेच म्हणणार."

त्याने उपास केल्याचं सांगितलं तेव्हा मात्र ती चिडली. "उपाशी राहून कुणाचं भलं झालंय? चक्कर येऊन पडशील. भाकरी सोडायची नाही. वेळेवर जेवायचं, भाजी जास्त घ्यायची, सावकाश चावायचं. आणि गुडघ्याला सूज असेल तर खुर्चीत बसून व्यायाम. कळलं का?"

"व्हय ताई."

असे आठवडे गेले. सिद्धू काही एकदम बारीक झाला नाही. पण क्रेट उचलताना मध्ये टेकायचा थांबला. रात्री त्याला झोप लागू लागली. मंडळात जो तो काल काय जमलं आणि काय जमलं नाही ते सांगायचा. पाहुण्यांकडे तिखटशेव खाऊन आलेलाही सांगायचा. एक चौकट मात्र कायम बंद असायची. तिच्यावर फक्त एका निळ्या फुलाचं चित्र होतं. ती कुणी मुलगी होती. कधी बोलायची नाही, फक्त लिहायची. सिद्धू खुर्ची सोडून पुन्हा उभा राहून व्यायाम करू लागला तेव्हा तिने लिहिलं होतं, 'भारी.'

ज्या दिवशी माझा चुराडा झाला त्या दिवशी सकाळी सूरज सोल घेऊन आला होता. सिद्धू वर्गातच होता. मी बांबूच्या घोडीवर उभा होतो.

"चल ट्रॅक्टरमागं."

"न्हाय दादा," सिद्धू म्हणाला. "मी माझं करतोय. हितंच करतोय."

सूरजने माझ्याकडे पाहिलं. माझ्यात दहा-बारा चेहरे थबकलेले होते.

"ह्या पोरींसंगं नाचून बारीक होणार व्हय तू? गावात तोंड दाखवायला जागा ठेव की माझ्यापुरती!"

त्याने खाली पडलेली ठिबकची नळी उचलली. ती काळी, लवचिक नळी चाबकासारखी वाजली. पहिला फटका सिद्धूच्या पाठीवर बसला, दुसरा मानेवर. सिद्धूने डोकं वाचवायला हात आडवा धरला तेव्हा सूरजने नळी टाकली आणि बाजूचा लोखंडी पाइप घेतला. हाडाचा आवाज मी ऐकला. सुकी काटकी मोडावी तसा. सिद्धू मिरचीच्या सरीत कोसळला. त्याच्या अंगाखाली झाडं मोडली. सूरज लाथा घालत होता आणि प्रत्येक लाथेबरोबर एक शब्द बोलत होता, "लाज! न्हाय! वाटत! न्हाय!"

माझ्या तोंडून दीप्ती किंचाळत होती. "अहो, थांबा! मरेल तो! सगळे बघतोय आम्ही!"

सूरज माझ्याजवळ आला. त्याच्या गालावर सिद्धूच्या रक्ताचे थेंब होते.

"कोण गं तू? माझ्या भावाला काय करायचं ते तू सांगणार?"

"पोलिसांना फोन लावलाय," ज्ञानेश ओरडला. "आम्ही निघालो तिकडं!"

सूरजने मला पकडलं आणि शेडनेटच्या लोखंडी खांबावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. माझा पडदा फुटला, डोळा गेला, सगळीकडे काळोख झाला. त्याने मला चिखलात फेकलं. मी झाडांच्या बुडाशी पालथा पडलो. पण मित्रांनो, माझा कान जिवंत होता आणि आवाजही. चालू असलेला कॉल तुटला नव्हता. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, फक्त ऐकलं; बाकीचं नंतर ज्ञानेशच्या बोलण्यातून कळलं.

स्कूटी करकचून थांबल्याचं ऐकलं. कुणी मुलगी धावत आली.

"सोडा त्याला! सोडा म्हणते ना!"

"वैष्णवी? तू हितं कशाला मधी?" सूरज म्हणाला.

वैष्णवी त्याच गावची होती, दोन वस्त्या पलीकडची. ते निळं फूल म्हणजे तीच. ट्रॅक्टरचा व्हिडिओ तिच्याही मोबाइलवर आला होता. तो पाहिलेलं गावातलं कुणी इथे आहे हे कळून सिद्धूने वर्ग सोडू नये, म्हणूनच तिने कधी आपला चेहरा दाखवला नव्हता. सूरजने तिला ढकललं. धातूवर काहीतरी आदळलं आणि ती ओरडली. तिचं कपाळ खांबाच्या कडेला फुटलं होतं.

मग एक जड आवाज झाला. जमीन माझ्याखाली हादरली. सिद्धूने उठून सूरजच्या कमरेला मिठी मारली होती आणि त्याला उचलून चिखलात आपटलं होतं. तो त्याच्या छातीवर बसला. एक हात मोडलेला होता. दुसऱ्या हाताने तो मारत होता. ठोशांचे आवाज माझ्या अगदी जवळून येत होते. नाक फुटल्याचा आवाज आला. सूरजचं ओरडणं हळूहळू अस्पष्ट होऊ लागलं, जणू तोंडात पाणी भरलंय. वैष्णवी "सिद्धू, बास! मरंल तो!" म्हणत रडत होती. सिद्धूला काही ऐकू येत नव्हतं. इतक्या वर्षांचं जे त्याने हसून गिळलं होतं, ते सगळं त्या मुठीत उतरलं होतं.

तेव्हा चिखलातून, माझ्या फुटक्या तोंडातून दीप्तीचा आवाज आला. ती ओरडत नव्हती. रोज सकाळी बोलायची तशी बोलत होती.

"सिद्धेश्वर. श्वास घे."

ठोसा बसला.

"सिद्धेश्वर, ऐक. नाकाने आत. सावकाश. खांदे सैल सोड. आता तोंडाने बाहेर."

पुढचा ठोसा आला नाही. मी वाट पाहत राहिलो. मग मला एक लांब, फाटका श्वास ऐकू आला. आणखी एक. आणि मग सिद्धूचं रडणं.

पोलिसांच्या आधी शेजारच्या रानातली माणसं धावली. अप्पा आले आणि पहिलं काय बोलले, तर "पोरांनो, हे बाहेर कुणाला सांगू नका." त्यावर रतन बोलली. त्या घरात तिचा आवाज एवढा मोठा मी कधीच ऐकला नव्हता.

"सांगणार! ठाण्यात जाऊन मीच सांगणार. एका पोराचा हात मोडलाय, एकाचं तोंड फुटलंय, लोकाच्या लेकीचं कपाळ रक्तानं भरलंय. आणि तुमी अजून घराची अब्रू झाकताय? मी भिंती पुसत बसले म्हणूनच ही वेळ आली."

ती खरोखर गेली. वैष्णवीचे वडीलही गेले. केस झाली, ती अजून चालू आहे. सूरज जामिनावर आहे.

ज्ञानेश आणि दीप्ती पोहोचले तेव्हा ज्ञानेशने चिखलातून मला शोधून काढलं आणि रुमालात गुंडाळून खिशात घातलं. त्याच खिशातून मी दवाखान्यात गेलो. दोन्ही भाऊ बारामतीच्या एकाच दवाखान्यात होते, एकाच वॉर्डात. सूरजच्या नाकावर पट्टी आणि सिद्धूच्या हाताला प्लास्टर. सूरज छताकडे बघत म्हणाला, "मला वस्तादानं असंच घडवलं."

"घडवलं?" सिद्धू म्हणाला. "मग असा का झालास?"

सूरजने कूस बदलली.

दीप्तीने सिद्धूचं नुसतं कौतुक केलं नाही. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "तू थांबलास, ते फार मोठं काम केलंस. पण थांबण्याआधी जे झालं तेही तूच केलंस. दोन्ही लक्षात ठेव."

"ताई, मला त्याला मारूनच टाकायचं होतं."

"माहीत आहे. मी ऐकत होते."

सिद्धू काही दिवस मामाकडे जळोचीला राहिला. प्लास्टर असताना तो खुर्चीत बसून वर्गाला यायचा. वैष्णवीने आता आपला चेहरा उघडा केला. कपाळावर टाके होते आणि ती ते झाकत नव्हती. गावातल्या ज्या पोरांनी पिवळी तोंडं पाठवली होती, त्यातली दोघं पुढे मंडळात आली. सिद्धूने त्यांना टोमणा मारला नाही. फक्त एवढंच सांगितलं, "आज नुसतं उभं राहा." आता नव्याने येणाऱ्यांचा वर्ग तोच घेतो. तो अजून जाडच आहे. थोडा उतरला, मध्ये पुन्हा वाढला, परत उतरतोय. पायऱ्या चढताना बोलू शकतो, कॉलेज पूर्ण केलं आणि आईच्या हातची दुसरी भाकरी निवांत बसून खातो.

माझी दुरुस्ती होण्यासारखी नव्हती. सिद्धूने नवा मोबाइल घेतला तेव्हा माझ्यातला ट्रॅक्टरचा व्हिडिओ पुसून टाकायला ज्ञानेशला सांगितलं आणि मला त्याच्याकडेच ठेवलं.

परवा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. खण अर्धवट उघडा होता. बाहेर मोटारसायकल थांबली आणि एक ओळखीचा आवाज आला. नाक मोडल्यामुळे जरा बदललेला, पण मी ओळखला.

"ते तुमचं मंडळ... त्यात कुणालाबी घेत्यात का?"

माझ्या बाजूच्या बॅटऱ्या हलल्या, कारण ज्ञानेशने काउंटरला घट्ट धरलं असावं.

"कुणालाबी घेतात," तो शेवटी म्हणाला. "पण तुला आधी वैष्णवीकडं जावं लागंल. मग सिद्धूकडं. त्या दोघांनी न्हाय म्हटलं तर न्हाय. आणि गेलास तर हात मागं बांधून जा."

सूरज म्हणाला, "ते न्हायच म्हणतील."

"म्हणतीलही. तरी जावं लागंल."

तो गेला. कुठल्या दिशेने गेला ते मला या खणातून कळलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा वर्गात कुणी जाड असेल आणि त्याला चालायला लागायचं असेल, तर त्याच्या मागे काठी घेऊन लागू नका. त्याच्या बाजूने चाला. तो दमला की तुम्हीही थांबा, त्याला पाणी द्या. आणि पुन्हा कधी निघायचं, ते त्याला ठरवू द्या.